मधुमेह : माहिती आणि आकलन

मधुमेहाचे निदान झालेल्या बहुतेक रुग्णांना आजाराचे नाव, गोळीची वेळ आणि गोड वर्ज्य करण्याचा सल्ला एवढे ठाऊक असते. परंतु ही माहिती म्हणजे आजाराचे आकलन नव्हे. रक्तातील वाढलेली साखर दुखत नाही, मात्र ती वर्षानुवर्षे सूक्ष्म रक्तवाहिन्यांना आणि मज्जातंतूंना इजा करीत राहते आणि त्यातूनच डोळे, मूत्रपिंडे व पाय यांचे विकार, म्हणजेच मधुमेहाची गुंतागुंत, उद्भवते. ब्रिटनमध्ये १९७७ साली सुरू झालेल्या आणि पाच हजारांहून अधिक रुग्णांचा समावेश असलेल्या अभ्यासाने १९९८ मध्ये दाखवून दिले, की साखर काटेकोरपणे आटोक्यात ठेवल्यास सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या विकारांचा धोका सुमारे २५ टक्क्यांनी घटतो. हा लाभ पदरात पडतो तो काहीही दुखत नसताना घेतलेल्या काळजीतून, आणि अशी काळजी आजाराची रीत उमगल्याशिवाय घेतली जात नाही.

सोलापुरात ही बाब पायांच्या संदर्भात विशेष स्पष्ट होते. येथे उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांच्या वर जातो, यंत्रमागावरचे काम उभ्याने करावे लागते आणि कोजागिरीला असंख्य भाविक तुळजापूरपर्यंत पायी जातात, त्यांतील कित्येक अनवाणी. मज्जातंतू बधिर झालेल्या पायाला चटका किंवा रुतलेला खडा जाणवत नाही. नायलॉनचा एक बारीक धागा वाकेपर्यंत तळव्यावर टेकवून, डोळे मिटलेल्या रुग्णाला स्पर्श कळला का, एवढे विचारले तरी हा बधिरपणा ओळखता येतो. पण ‘दुखत नाही, म्हणजे बरे आहे’ असे मानणारा रुग्ण जखम चिघळेपर्यंत तळवा पाहतच नाही.

तथापि, आकलन आणि गुंतागुंत यांचा संबंध एकेरी नाही. पायाचे बोट गमावलेला रुग्ण पुष्कळदा आजाराविषयी अधिक जाणतो, कारण ते ज्ञान त्याला जखमेनेच दिलेले असते. म्हणून कोणाला किती कळते याइतकेच ते केव्हा कळले, हेही तपासावे लागते. शिवाय, कळले म्हणून वळतेच असे नाही. हजार विड्यांमागे मजुरी मिळणाऱ्या विडी कामगार स्त्रीला तपासणीसाठी रुग्णालयात घालवलेला दिवस म्हणजे बुडालेली मजुरी असते आणि तिच्या घरची भाषा तेलुगू असेल, तर घाईने मराठीत दिलेली सूचना तिच्यापर्यंत अर्धीच पोहोचते. अशा वेळी सारा दोष रुग्णाच्या अज्ञानावर ढकलणे अन्यायाचे ठरते.

म्हणून समजावून सांगणे हा उपचाराचाच भाग मानला पाहिजे. निदानाच्या पहिल्याच भेटीत, रुग्णाच्या भाषेत आणि घरच्या माणसांसमक्ष, रोज तळवे पाहणे, वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा व लघवीतील प्रथिने तपासून घेणे आणि दुखत नसतानाही औषध चालू ठेवणे यांची कारणे उलगडून सांगितली जावीत. औषधाची चिठ्ठी देऊन डॉक्टरांची जबाबदारी संपत नाही. रुग्णाला आपला आजार कळला, याची खात्री करून घेणे हेही त्यांचेच कर्तव्य होय.