गंज व लेप

रायपूरपासून समुद्र शेकडो मैल दूर. येथे बसून शिडाच्या नौकेच्या तळाचा विचार करणे विचित्र वाटेल. परंतु हा मुलूख लोखंडाचा आहे. दल्ली-राजहरा येथील तांबड्या दगडापासून भिलाईच्या भट्ट्या १९५९ सालापासून लोखंड गाळीत आहेत. हा दगड म्हणजे लोखंड व प्राणवायू यांचा संयोग. माणूस अग्नीच्या बळाने तो मोडतो. दमट हवा व खारे पाणी तो पुन्हा जुळवून आणतात. त्या जुळणीलाच आपण गंज म्हणतो. तेव्हा गंज हा लोखंडाला बाहेरून जडलेला रोग नव्हे. ती त्याची मूळ स्थितीकडे चाललेली वाटचाल आहे.

वारा नौकेला एका अंगाने रेटीत असतो. तरी ती उलटत नाही, याचे कारण तिच्या तळाशी असलेला जड कणा, म्हणजे कील. कित्येक नौकांत ती ओतीव लोखंडाची असून बोल्टांनी सांगाड्याला जखडलेली असते. गोव्यातील दिवाडी बेटावर बांधलेल्या ‘म्हादेई’तून दिलीप दोंदे यांनी २००९-१० साली एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, तेव्हा त्यांचे प्राण रात्रंदिवस न दिसणाऱ्या अशाच एका कण्यावर विसंबून होते.

नौका पाण्याबाहेर काढली की लोखंडी कीलवर तपकिरी डाग व रंगाचे फुगवटे दिसू लागतात. गंज मूळ लोखंडाहून अधिक जागा व्यापतो आणि रंगाला आतून उचलतो. जाणता कारागीर हातोडीने ठोकून पाहतो. सशक्त धातू खणखणतो, पोखरलेला बद्द वाजतो. सांध्यातून तांबूस पाणी झिरपत असेल तर शंका बोल्टांची असते. मग एखादा बोल्ट उपसूनच पाहावा लागतो. हे सारे टाळून वरून रंगाचा एक हात दिला तर नौका काही काळ नवी दिसेल. हा मोह केवळ नावाड्याचा नव्हे. घरातले, संस्थेतले, स्वतःच्या मनातले किती डाग आपण असेच रंगवून टाकतो!

त्याची किंमत कधी फार मोठी असते. २०१४ च्या मे महिन्यात ‘चीकी राफिकी’ ही ब्रिटिश नौका अटलांटिकमध्ये कील निखळून उलटली व चारही खलाशी हरपले. तेथे दोष केवळ गंजाचाच होता असे नाही. पूर्वी तळ आपटल्यामुळे व नंतरच्या दुरुस्त्यांमुळे आतला जोड दुबळा झाला असावा, असा चौकशीचा निष्कर्ष होता. दुबळेपणा होता, पण तो कोणाला दिसला नव्हता.

मग दिसेल ते खरवडून उघडे करावे, एवढाच बोध घ्यावयाचा काय? येथे कारागिराची दुसरी शिकवण आहे. घासून चकचकीत केलेले लोखंड दमट हवेत काही तासांतच पुन्हा तांबूस पडू लागते. म्हणून तो गोड्या पाण्याने मीठ धुतो, लोखंड वाळवतो आणि शक्य तितक्या लवकर इपॉक्सीचा पहिला हात देतो. फसविणारा आणि दुरुस्त करणारा, दोघेही शेवटी रंगच लावतात; अंतर आहे ते रंगाखाली काय उरले याचे.

दुसऱ्याचा दोष चारचौघांत उघडा करून, सत्य बोलल्याच्या समाधानात निघून जाणारे पुष्कळ असतात. त्यांना असत्यवादी म्हणता येणार नाही. परंतु त्यांनी काम अर्धे टाकले, आणि उघडा पडलेला माणूस पूर्वीपेक्षा अधिक असुरक्षित झाला. मग ज्याच्याजवळ लेप नाही त्याने गप्प बसावे काय? इतरांचे प्राण ज्या कण्यावर विसंबले आहेत, तेथे तर नाहीच. तेथे बोललेच पाहिजे. मात्र बोलल्यावर तेथून निघून जाण्याचा अधिकार आपल्याला उरत नाही.

एवढे करूनही गंज परत येतोच. पुढल्या हंगामात नौका पुन्हा बाहेर काढावी लागते आणि कारागीर पुन्हा हातोडी उचलतो. आपल्या माणसांच्या बाबतीत एवढा धीर आपण धरतो काय?