मनीची दिवाळी

दिवाळीची खरेदी सरत आली की घरातलं धाकटं लेकरू विचारतं, ‘आपल्या मनीला काय आणायचं?’ आपल्याकडं हा प्रश्न नवलाचा नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे हळद-तुपानं मळले जातात, दुसऱ्या दिवशी अंगावर झूल, गळ्यात घुंगरमाळा आणि तोंडी पुरणपोळी. वसुबारसेला गाय-वासराला ओवाळतात. आपल्या परतूर तालुक्यात ज्यांच्या दावणीला जनावर आहे, त्यांच्या सणाचा एक घास त्याचा असतोच. मांजराला मात्र पंचांगात दिवस नाही. धान्याच्या कोठीपाशी रात्रभर जागते ती, पण तिचा मान कोणत्या तिथीला करायचा हे कुणी ठरवून ठेवलेलं नाही. तिच्यासाठी काही शोधायचं तर तिच्याकडं बघूनच शोधावं लागतं. त्यात तुमची मनी नखरेल असेल, ताटलीतलं हुंगून पाठ फिरवणारी असेल, तर बाजारात जाण्याआधी थोडा निवांत वेळ काढा. आत्ताच काढा.

खाली बसा. खुर्चीवर नको, फरशीवर. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून या.

मनी कुठं आहे ते नुसत्या नजरेनं शोधा. हाक मारू नका. दिवाळीच्या सुमारास पुष्कळ घरांत वेचणीचा कापूस येऊन पडलेला असतो. भाव चढेल या आशेनं पुढच्या खोलीत त्याचा ढीग लावलेला असतो. बहुतेक ती तिथंच सापडेल. बघा, ती लगेच आडवी होत नाही. आधी कडेला उभी राहून हुंगते. मग पुढचे दोन्ही पाय आळीपाळीनं दाबत कापूस तुडवते. नखं बाहेर येतात, त्यांत तंतू अडकतात, ती पाय झटकते आणि पुन्हा तुडवायला लागते. आतली सरकी टोचली की बोटभर बाजूला सरकते. बऱ्याच वेळानं अंगाचं वेटोळं करते, शेपूट नाकावर ओढून घेते. नाकाच्या शेंड्याला कापसाचा एक तंतू चिकटलेला असतो, तो तिच्या श्वासाबरोबर हलतो. त्या तंतूकडं बघत राहा. तुमचाही श्वास हळूहळू संथ होईल.

नखरेल म्हणतो ती हीच. बोटभर जागेचा फरक तिला कळतो. ती कापसावर का गेली, याचाही विचार करा. मांजराला आपल्यापेक्षा पुष्कळ जास्त ऊब लागते. साधारण 30 ते 38 अंश सेल्सिअस तापमानात तिला अंग गरम राखायला वेगळी शक्ती खर्चावी लागत नाही. कार्तिकातल्या गार पहाटे ती सोय कापसात आहे. चैत्र-वैशाखात, ऊन चाळिशीपार गेल्यावर, हीच मनी रांजणाखालच्या ओल्या वाळूत पोट टेकून पडलेली दिसेल. म्हणजे तिची आवड ऋतूबरोबर जागा बदलते. मे महिन्यात लोकरीची गादी आणून ‘हिला काही आवडतच नाही’ म्हणणं तिच्यावर अन्याय आहे.

आता डोळे मिटा. खरेदीची जी यादी मनात होती ती एकेक करून समोर येऊ द्या. घुंगरू लावलेला पट्टा. प्लास्टिकचा उंदीर. चांदीच्या रंगाची वाटी. प्रत्येक वस्तूपाशी थांबा आणि स्वतःला विचारा, ही वस्तू कुणाच्या डोळ्यांना सुंदर दिसतेय? उत्तराची घाई नको. ज्या वस्तू तुमच्या हौसेच्या आहेत त्या मनातल्या मनात फळीवर परत ठेवा. हौस असणं वाईट नाही. पण मनीला रात्रंदिवस कानाशी वाजणारं घुंगरू नकोसं होऊ शकतं, आणि ते तिला सांगता येत नाही.

फराळाचंही तसंच. करंजी पुढं केली की ती हुंगते आणि निघून जाते. तुमच्या मायेला ती नाही म्हणत नसते. तिला गोड चव कळतच नाही. 2005 साली अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेतल्या संशोधकांनी दाखवून दिलं की गोडाची जाणीव ज्या दोन जनुकांच्या जोडीवर चालते, त्यांतलं एक मांजराच्या कुळात निकामी झालेलं आहे. वाघ आणि चित्ता यांच्यातही तेच आढळलं. चिवड्यातला लसूण आणि भाजीतला कांदा तर तिच्या रक्तातल्या तांबड्या पेशींचा नाश करतात, तेव्हा ती ताटली तिच्यापासून लांबच बरी. वाटीभर दूधही पुष्कळ मोठ्या मांजरांना पचत नाही. तोंडी घालायचंच असेल तर मीठ-मसाला न लावता उकडलेला, हाडं काढलेला मासा किंवा कोंबडीचा तुकडा, तोही चिमूटभर.

आकाशकंदिलाच्या झिरमिळ्या आणि भेटवस्तूंच्या फिती मात्र आजच उंचावर बांधा. मांजराच्या जिभेवरचे काटे आत वळलेले असतात. धागा एकदा तोंडात गेला की तिला तो सहजी थुंकता येत नाही, आणि आतड्यात अडकला तर शस्त्रक्रियेची पाळी येते.

मनीला देण्याजोगी एक गोष्ट तुमच्या अंगणाच्या कडेलाच असेल. डोळे उघडा, हवं तर उठून बघून या. पावसाळ्यानंतर भिंतीच्या ओलीला, उकिरड्याशेजारी खोकली उगवलेली असते. कुणी तिला कुप्पीही म्हणतात. देठाजवळ पेल्यासारखी लहान हिरवी पानं, त्यांचा उभा तुरा. हे झाड उपटलं आणि मूळ उघडं पडलं की मांजरं ओढल्यासारखी तिकडं येतात, गाल घासतात, त्यावर लोळतात. परदेशात याच कामासाठी कॅटनिप नावाची वनस्पती विकतात. तिनंही सगळी मांजरं मोहत नाहीत, साधारण तीनातली दोनच, आणि तो स्वभाव आईबापाकडून आलेला असतो. तुमच्या मनीनं खोकलीकडं ढुंकून पाहिलं नाही तरी तिच्यात काही उणं नाही. मोहून गेली तर पाच-दहा मिनिटं तो वास घेऊ द्या आणि मूळ उचलून टाकून द्या, कारण ही वनस्पती औषधी असली तरी पोटात जाणं चांगलं नाही.

पुन्हा बसा. आता जरा अवघड गोष्ट मनात आणायची आहे : लक्ष्मीपूजनाची संध्याकाळ. पूजा झाली आहे, गल्लीत पहिली लड लागली आहे. ती मनीच्या कानांनी ऐका. आपल्याला साधारण 20,000 हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, तिला 60,000 च्याही वरचा. कोठीतल्या उंदराची चाहूल घेण्यासाठी घडलेले ते कान. मनमाडकडं जाणाऱ्या गाडीचा भोंगा तिला रोजचा आहे, त्याला ती मान वळवत नाही. पण या धमाक्यांना वेळ नाही, दिशा नाही. ती कुठं पळेल? दिवाणाखाली? माळ्यावर? की दार उघडं दिसलं म्हणून थेट गल्लीत?

या प्रश्नापाशी थांबा, लांब श्वास घ्या. मला मनापासून वाटतं की भेटीचा शोध इथं येऊन ठेपतो. तिला लपायला जागा हवी आहे.

नेदरलँड्समधल्या उट्रेख्त विद्यापीठानं 2014 साली एका निवाऱ्यात नव्यानं आलेल्या 19 मांजरांवर अभ्यास केला. काहींना लपायला खोकं दिलं, काहींना नाही. खोकं मिळालेली मांजरं पुष्कळ लवकर निवळली, थोड्याच दिवसांत फरक दिसू लागला. म्हणून लक्ष्मीपूजनाची वाट बघू नका, वसुबारसेलाच खोकं ठेवा. मिक्सरचं असो नाहीतर किराण्याचं, पिना काढा, चिकटपट्टी सोलून टाका आणि एका बाजूला तिच्या खांद्यांहून जरा रुंद दार कापा. जुन्या माळवदी घरात जाड मातीच्या भिंतींची आतली खोली असते, ती यासाठी सगळ्यांत चांगली. स्लॅबच्या घरात रस्त्यापासून लांबची खोली धरा. आत वाकळ घाला, घरातल्या माणसानं वापरलेली आणि न धुतलेली. आजीच्या जुन्या लुगड्यांची असेल तर उत्तम, मनीला तो वास ओळखीचा आहे. पाण्याची वाटी जवळ ठेवा, शी-शूसाठी मातीचं घमेलं जरा लांब.

मग तिला उचलून आत घालू नका. लेकरालाही सांगा, ‘बाळा, तिचं ती बघंल.’ ती येईल, कड हुंगेल, कदाचित निघून जाईल. दुसऱ्या दिवशी खोक्याच्या कोपऱ्यावर गाल घासेल. गालातल्या ग्रंथींचा वास तिथं लागला की ती जागा तिच्या हिशेबात तिची होते. तोवर तुम्ही लांब बसून तिच्याकडं बघत डोळे सावकाश बारीक करा, मिटा, उघडा. इंग्लंडच्या ससेक्स विद्यापीठातल्या संशोधकांनी 2020 साली हे तपासून पाहिलं : माणसानं असं केलं की मांजरंही तसेच डोळे बारीक करतात, आणि अनोळखी माणसाजवळही यायला कमी बिचकतात.

लेकराला हे जमतं. त्याच्या हातात नवं खेळणं न देता हे काम द्या, रोज संध्याकाळी थोडा वेळ. आणि पाहुण्यांना खोली हवी असली, सामान मांडायचं असलं, तरी भाऊबीज उरकून गल्लीतले फटाके थांबेपर्यंत ते खोकं जागचं हलवू नका.