गोंधळातला कीबोर्ड

पुतण्याच्या लग्नानंतर संभाजीनगरला, सिडकोतल्या आमच्या गच्चीवर देवीचा गोंधळ घातला. चौक मांडला, दिवटी पेटली, संबळ कडाडला आणि त्यापाठोपाठ कीबोर्डमधून एक लांबलचक, थरथरता स्वर निघाला. विशीतला एक मुलगा मांडी घालून तो वाजवत होता. मला ते खटकलं. चहाच्या वेळी मी म्हाताऱ्या गोंधळ्यांना म्हणालो, "मामा, ते यंत्र बंद करा की. देवीच्या कार्यात कशाला?"

ते शांतपणे म्हणाले, "मालक, पाच जणांची सुपारी तुम्हीच तिघांवर आणली. तुणतुणंवाला अन् झांजवाला घरी बसले. त्यांचा आवाज कुठून तरी आणावा लागतो ना?"

घासाघीस मीच केली होती. मी काही बोललो नाही, पण प्रश्न डोक्यातून गेला नाही. जुन्या वाद्याशेजारी यंत्र ठेवलं, तर नेमकं काय बाटतं?

वाद्याचं परकेपण म्हणावं, तर ते फार काळ टिकत नाही. आमच्या शहरापासून पंधराएक किलोमीटरवर देवगिरी आहे. तिथल्या यादवांच्या दरबारात तेराव्या शतकात शार्ङ्गदेवानं 'संगीतरत्नाकर' लिहिला. त्याचा सहावा अध्याय वाद्यांवर आहे. त्यातल्या कितीतरी वाद्यांपाशी आजचा वाचक अडखळतो. आणि ज्याला आपण आपल्या मातीतला म्हणतो, त्या शार्ङ्गदेवाचं घराणं आलं होतं काश्मीरहून. हार्मोनियमचं पेटंट 1842 मध्ये पॅरिसमध्ये घेतलं गेलं. ती भारतीय संगीताला मानवत नाही म्हणून 1940 मध्ये रेडिओनं तिच्यावर बंदी घातली, ती सैल व्हायला 1971 उजाडलं. आज पेटीशिवाय कीर्तनाची कल्पना करवत नाही. म्हणजे 'शुद्ध' याचा अर्थ बहुतेक वेळा 'माझ्या लहानपणी होतं ते' एवढाच असतो.

मग फसवणुकीचा मुद्दा उरतो. 1954 च्या 'नागिन'मधली बीन आठवा. संगीत हेमंतकुमारांचं, पण ती बीन पुंगी नव्हतीच. कल्याणजींनी ती क्लॅव्हायोलिन या विजेवर चालणाऱ्या वाद्यावर वाजवली होती. आपल्या कानांना ती खऱ्या पुंगीपेक्षा खरी वाटली. अजूनही वरातीत ती धून वाजली, की कुणीतरी तोंडात रुमाल धरून पुंगीवाला होतो आणि दुसरा रस्त्यावर लोळतो. यात फसवणूक म्हणावी असं मला काही दिसत नाही. नाटकातला राजा खरा राजा नसतो, म्हणून कुणी तिकिटाचे पैसे परत मागत नाही.

याउलट, चरणजित सिंग यांनी 1982 मध्ये रोलँडच्या सिंथेसायझरांवर आणि ताल-यंत्रावर दहा राग वाजवून तबकडी काढली. त्यात लपवाछपवी नव्हती. सतार असल्याचा आव नव्हता. यंत्र यंत्रासारखंच वाजत होतं आणि तरी राग ओळखू येत होता. तेव्हा तिच्याकडे फारसं कुणी लक्ष दिलं नाही. 2010 मध्ये ती पुन्हा निघाली आणि जगभर गाजली.

ही दोन्ही उदाहरणं मला निर्दोष वाटतात. तरीही गच्चीवरची माझी अस्वस्थता खोटी नव्हती, फक्त तिचा पत्ता चुकला होता. तुणतुण्याची तार सूर आणि ठेका धरून सतत छेडत राहावी लागते. ते कसब बोटांत असतं. ते शिकलेला माणूस घरी बसला, की पुढच्या पिढीला ते दाखवणारं कुणी राहत नाही. हे नुकसान खरं आहे, पण ते कीबोर्डनं केलेलं नाही. कीबोर्ड संबळाच्या शेजारी बसतो, तेव्हा ती संगत असते. तो माणसाच्या जागी बसतो, तेव्हा ती कपात असते. आणि कपात वाद्य करत नाही, सुपारी देणारा करतो.

परंपरा जपावी असं म्हणणं फुकट असतं. जपणाऱ्याचा खर्च कुणी द्यायचा, हे विचारलं की आवाज खाली येतो, माझा आला तसा. कमी पैशांत जुनेपणही हवं, हे मागणं कलेवरच्या प्रेमाचं नाही. त्या माणसांनी आपल्यासाठी गरिबीतच राहावं, असा त्याचा अर्थ होतो.

पुढच्या वर्षी पुतणीचं लग्न आहे. भावाला आत्ताच सांगून ठेवलंय, सुपारी पाच जणांची द्यायची. कीबोर्डवाला त्या मुलाला आणायचं असेल, तर तो सहावा.