बारा, अठरा, अडतीस

आत्याला पहाटे पाचलाच जाग यायची, पण अंग तिच्या ताब्यात यायला आठ वाजत. मधले तीन तास ती छताकडे तोंड करून पडून असे. बोटं आखडलेली, मनगटं फुगलेली, गुडघे लाकडासारखे. हातात पुस्तक धरता येत नसल्यामुळे तिनं स्तोत्रसंहितेतली बरीच स्तोत्रं पाठ करून ठेवली होती आणि त्या तीन तासांत ती एकेक म्हणत असे. ओठ हलायचे, आवाज नसायचा. मग आई कोमट पाण्याची बादली घेऊन आत जाई. आत्या दोन्ही हात मनगटाच्या वरपर्यंत पाण्यात सोडून डोळे मिटून बसे. पाच-दहा मिनिटांनी पहिलं बोट वाकलं, की म्हणे, "हं, उठला एक."

हे मी लहानपणापासून पाहिलं. नगरच्या आमच्या घरात आत्याचं दुखणं माझ्यापेक्षा मोठं होतं. १९८५ साली ते सुरू झालं तेव्हा ती बत्तीस वर्षांची होती, प्राथमिक शाळेत शिकवायची आणि तिचं लग्न ठरत आलं होतं. त्या लग्नाबद्दल घरात पुढे कोणी बोललं नाही, तीही नाही.

आमवात हा शब्द आपल्याकडे फार जुना आहे. माधवकराच्या 'माधवनिदाना'त या रोगाला स्वतंत्र प्रकरण दिलेलं आहे. म्हणजे हजार-बाराशे वर्षांपूर्वीच्या कुणा वैद्यानं अशाच सुजलेल्या मनगटांवर हात ठेवून विचार केला होता. आजचं वैद्यक सांगतं की शरीराची संरक्षक यंत्रणा आपल्याच सांध्यांच्या अस्तरावर चालून जाते. शरीर स्वतःला शत्रू समजतं. बायकांना हा आजार पुरुषांच्या दुपटी-तिपटीनं होतो आणि ऐन कर्त्या वयात गाठतो. १९४८ साली अमेरिकेत फिलिप हेंच या डॉक्टरानं अशा एका रुग्णबाईला कॉर्टिझोन टोचलं आणि खिळून पडलेली ती बाई काही दिवसांत चालू लागली. १९५० साली त्याला नोबेल मिळालं. त्याच जातीच्या गोळ्यांनी आमच्या आत्यालाही दोन वर्षं शाळेत उभं केलं. नंतर त्याच गोळ्यांनी तिचा चेहरा सुजवला आणि हाडं ठिसूळ केली. एकाच हातानं देणं आणि घेणं म्हणजे काय, हे मला त्या दोन वर्षांच्या फोटोंमध्ये दिसतं.

मग मेथोट्रेक्सेट आलं. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतते. आत्यानं वार निवडला रविवार, उपासनेहून आल्यावर रात्रीचा. सोमवारी दिवसभर मळमळायचं, मंगळवारी उतरायचं, बुध-गुरू बरे जायचे, शुक्रवारपासून सांधे पुन्हा हाका मारू लागायचे. सकाळी प्रभूचं घर आणि रात्री गोळी, अशा दोन टेकूंवर तिचा आठवडा उभा असे.

तिला भेटायला येणाऱ्या माणसांनी तिला दुखण्याइतकंच दमवलं, असं मी म्हणेन. शेजारच्या काकू जिवाभावाच्या, पण हळहळून म्हणायच्या, "भोग असतात हो मागच्या जन्मीचे." आणि आमच्याच मंडळीतले काही जण म्हणायचे, विश्वास थोडा कमी पडतोय. एकदा नातेवाइकांनी तिला आजार बरे करण्याच्या एका प्रार्थनासभेला नेलं. व्यासपीठावरून हुकूम झाला, उठा आणि चाला. आजूबाजूचे लोक उठले. आत्याच्या दंडाला धरून कोणीतरी तिला उठवू लागलं आणि ती कळवळली. परत येताना रिक्षात तिला ऐकवलं गेलं की शंका मनात ठेवून आलं की असंच होतं. तीन दिवस ती कोणाशी बोलली नाही. चौथ्या दिवशी मला जवळ बोलावून तिनं योहानाचा नववा अध्याय वाचायला लावला. जन्मांध माणसाकडे बोट दाखवून शिष्य विचारतात, पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापांचं? येशू म्हणतो, याचंही नाही आणि त्यांचंही नाही. "बघ," ती म्हणाली, "काकू आणि आपले लोक एकाच वहीत हिशेब लिहितात. त्यानं ती वहीच मिटली."

हिशेबाची दुसरी एक वही मात्र तिनं उघडी ठेवली होती. शुभवर्तमानांत आजाऱ्यांची नावं बहुतेक नाहीत, गावंही क्वचितच आहेत, पण काही ठिकाणी वर्षं मोजून लिहिली आहेत. रक्तस्रावाची बाई बारा वर्षं आजारी होती. कमरेत वाकलेली बाई अठरा वर्षं. बेथेस्दाच्या तळ्याकाठी पडून असलेला माणूस अडतीस वर्षं. हे आत्यानंच मला दाखवलं. ज्यानं हे लिहून ठेवलं त्याला जुनाट दुखण्याची जात ठाऊक होती, असं तिचं मत होतं. तापाची वर्षं कोणी मोजत नाही. जे दुखणं संसाराला येतं, त्याचीच वर्षं मोजतात. मार्क लिहितो की त्या बारा वर्षं आजारी असलेल्या बाईचे वैद्यांपायी फार हाल झाले, होतं नव्हतं ते गेलं आणि तब्येत आणखीच बिघडली. तीच गोष्ट सांगताना लूक तब्येत बिघडल्याचं गाळतो. आणि पौलानं लूकला प्रिय वैद्य म्हटलेलं आहे. हे मी तिला वाचून दाखवलं तेव्हा ती खुदकन हसली. "वैद्यच तो. आपल्या माणसांना सांभाळून घेणार."

अठरा वर्षं वाकलेली बाई तिची लाडकी. त्या बाईनं येशूकडे काही मागितलं नव्हतं. ती सभास्थानात आली होती, त्यानं तिला पाहिलं आणि हाक मारली. आत्या म्हणायची, "बरी झाली ती एका शनिवारी. पण अठरा वर्षांचे सगळे शब्बाथ ती वाकून येत होती, त्याचं काय? लोकांच्या पायांशिवाय काही दिसत नसेल तिला. तरी येत होती." माझ्या समजुतीप्रमाणे आत्याचा विश्वास या वाक्यात पुरता मावतो. बरं होण्याची आशा तिनं सोडली नव्हती, गोळ्याही चुकवल्या नाहीत. पण तिची श्रद्धा त्या एका शनिवारावर टेकलेली नव्हती.

आणि तिची श्रद्धा गोडगोड अजिबात नव्हती. ती देवाशी भांडायची. स्तोत्रसंहितेतल्या दीडशे स्तोत्रांत विलापाची स्तोत्रं तिसऱ्या हिश्शाहून जास्त आहेत. बहुतेकांचा शेवट कुठेतरी स्तुतीकडे वळतो. अठ्ठ्याऐंशीवं वळत नाही, ते अंधारातच थांबतं. आत्या ते पाठ म्हणायची आणि शेवटी गप्प राहायची. पुढचं स्तोत्र घाईनं जोडून घ्यायची नाही. ईयोबाच्या मित्रांबद्दल ती म्हणायची, सात दिवस सात रात्री जमिनीवर बसून राहिले तोवर शहाणे होते, तोंड उघडलं आणि बिघडले. पौलानं शरीरातला काटा काढ म्हणून तीनदा विनवणी केली, तीही नामंजूर झाली. "तीनदाच?" ती विचारायची.

मराठी ख्रिस्ती माणसाला हे भांडण परकं नाही. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी तुकोबाला सोडलं नाही. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी पोचलो, असंच ते मानत. टिळकांच्या अभंगांवर आमच्या उपासना वाढल्या. विठ्ठलाला समोर उभा करून जाब विचारायचा, रुसायचं आणि पुन्हा त्याच्याच पायरीवर बसायचं, ही तुकोबाची रीत टिळकांमार्फत आमच्या घरापर्यंत आली. आत्याच्या पहाटेच्या ओठांत दावीद होता तसा देहूचा वाणीही होता, असं मला वाटत आलं आहे.

बेथेस्दाच्या माणसाविषयी मात्र ती फारसं बोलत नसे. त्या गोष्टीत येशू एक चमत्कारिक प्रश्न विचारतो: तुला बरं व्हायचंय का? अडतीस वर्षं पडून असलेल्या माणसाला हा काय प्रश्न झाला? आणि तो माणूस सरळ हो म्हणतच नाही. पाणी हलतं तेव्हा मला तळ्यात उतरवायला कोणी नाही, असं तो सांगतो. विचारलं एक, सांगितलं दुसरंच. पुष्कळ उपदेशकांनी त्याला यावरून रडका ठरवलं आहे. मला तसं वाटत नाही, आणि तसं न वाटण्याला दोन प्रसंग कारण आहेत.

पहिला प्रसंग प्रभुभोजनाचा. आमच्याकडे द्राक्षरस अंगठ्याएवढ्या पेल्यांतून देतात. तबक बाकांवरून हातोहात फिरतं. आत्याची बोटं करंगळीच्या बाजूला वळून गेली होती आणि चिमटीत काही धरता येत नव्हतं. ती पेला दोन्ही तळव्यांत दाबून उचलायची. एका रविवारी तो निसटला आणि रस पांढऱ्या साडीवर सांडला. तबक पुढे गेलेलं. शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या बाईंनी आपला पेला ओठांपर्यंत नेला होता. त्या थांबल्या, अर्धा प्यायल्या आणि उरलेला आत्याच्या ओठांना लावला, लेकराला पाजावं तसा. पुढे तो पायंडाच पडला. दर प्रभुभोजनाला जी कोणी शेजारी असेल ती आत्याला पाजायची, कोणी सांगावं लागत नसे.

दुसरा प्रसंग माझा. २००४ सालचा डिसेंबर. मी पुण्याहून सुट्टीला आलो होतो. नगरची थंडी हाडात शिरते. आई बाहेर गेली होती. आत्यानं स्वेटर घालून द्यायला हाक मारली. मी एक बाही चढवली तेवढ्यात फोन वाजला. "आलोच" म्हणून मी बाहेर गेलो, फोननंतर मित्र दारात आला, त्याच्याबरोबर चौकात गेलो. दीड तासानं परतलो तेव्हा ती कॉटच्या कडेला तशीच बसली होती. एक हात बाहीत, दुसरी बाही पाठीमागे लोंबत होती. स्वेटर काढताही येत नव्हता आणि घालताही येत नव्हता. नखं निळसर झाली होती. ती रागावली नाही. "आलास का बाळा," एवढंच म्हणाली. मी दुसरी बाही चढवली, बटणं लावली. माझे हात थरथरत होते. त्या माणसानं तळ्याकाठून जे उत्तर दिलं ते किती नेमकं होतं, हे मला त्या खोलीत कळलं.

२०१९च्या ऑगस्टमध्ये ती गेली. चौतीस वर्षं झाली होती. तिचं पवित्र शास्त्र माझ्याकडे आलं. एका रात्री मार्काचा पाचवा अध्याय काढला तर समासात निळ्या शाईत लिहिलेलं दिसलं: १९९७. लूकच्या तेराव्या अध्यायात: २००३. योहानाच्या पाचव्यात: २०२३. तिन्ही ठिकाणी तेच शाळेच्या फळ्यावरचं ताठ, गोल अक्षर. २००३ साली तिला पेन धरता येत नव्हतं, ९७ सालीही जेमतेम. म्हणजे हे तिन्ही आकडे तिनं अगदी सुरुवातीला, एकाच बैठकीत लिहिले होते. आजार जन्माचा आहे हे कळल्यावर, पस्तिशीच्या आत-बाहेर, तिनं ८५मध्ये बारा मिळवले, अठरा मिळवले, अडतीस मिळवले. पहिल्या आकड्याखाली नंतर केलेली एक वेडीवाकडी खूण होती. दुसऱ्याखाली खूण म्हणजे मुठीत धरलेल्या पेनाचा नुसता ओरखडा. तिसऱ्याखाली काही नव्हतं.

२०२३च्या नाताळात मी ते पान उघडून बसलो होतो. आई जवळ येऊन टेकली. मी तिला बेथेस्दाची गोष्ट मोठ्यानं वाचून दाखवली; तळं, पाणी हलायची वाट बघणारा तो माणूस, त्याला उतरवायला कोणी नसणं. आई बराच वेळ पुस्तकाकडे बघत राहिली.

"वन्संना पाणी फार गरम चालायचं नाही," ती म्हणाली. "मी आधी कोपर बुडवून बघायचे."