राखेवरचे पाय

सातपुड्यातून उतरलेली अनेर नदी तापीला मिळेपर्यंत एका बाजूला धुळे जिल्ह्याचा शिरपूर तालुका आणि दुसऱ्या बाजूला जळगावचा चोपडा तालुका सांभाळत जाते. तिच्या काठच्या एका मळ्यात जिभाऊ राहायचे. सात-आठ बिघे केळी, उरलेल्यात कपाशी, दोन म्हशी आणि अंगणात सूनबाईच्या गावरान कोंबड्या. या कोंबड्यांवर घराचा जीव होता, आणि त्याला कारण होतं.

फेब्रुवारी २००६ मध्ये नवापूरला बर्ड फ्लू निघाला. देशातली ती पहिली साथ. पुढच्याच महिन्यात जळगाव जिल्ह्यातल्या काही गावांतही रोग सापडला, आणि पोल्ट्रीतल्या पक्ष्यांबरोबर लोकांच्या दारातल्या कोंबड्याही माराव्या लागल्या. जिभाऊंच्या म्हाताऱ्या मायच्या माहेरचं अंगण तेव्हा एका दिवसात रिकामं झालं. मायनं ते डोळ्यांनी पाहिलं, आणि नंतर कितीतरी वर्षं घरात डालगं येऊ दिलं नाही. शेवटी सूनबाईनं बचत गटाच्या पैशातून पिल्लं आणली तेव्हा मायच त्यांना कण्या टाकू लागली.

म्हणून त्या कोंबड्या जायला लागल्या तेव्हा घरात कुणी हसण्यावारी नेलं नाही.

एका सकाळी दोन कोंबड्या नव्हत्या. केळीच्या बागेपर्यंत पिसांची रेघ गेलेली. मग दुपारी खुडूक कोंबडीखालची अंडी नाहीशी झाली. मग चार पिल्लं. गावात प्रत्येकानं ज्याच्या त्याच्या भीतीप्रमाणे चोर ठरवला. २०१७ साली चाळीसगाव तालुक्यात बिबट्यानं माणसं मारली होती, ती दहशत ज्याच्या मनात होती तो म्हणाला, बिबट्या. कुणी म्हणालं कोल्हा. बहुतेकांनी मात्र बिनदिक्कत मुंगसाचं नाव घेतलं. मुंगूस हा दिवसाचा प्राणी, रात्री तो बिळात पडून असतो. पण रात्री गेलेली कोंबडीही त्याच्याच नावावर लिहायची आपल्याकडे रीत आहे.

जिभाऊ कष्टाळू आणि पैसा खर्चायला न भिणारे. त्यांनी केळीचे पैसे आले तसे पत्रे आणले, अंगणाच्या कोपऱ्यात सहा फुटी भिंती उभ्या केल्या. आठ दिवसांनी पुन्हा कोंबडी गेली. निंबाची फांदी आतवर झुकलेली होती, तिच्यावरून उडी पडली होती. जिभाऊंनी वरूनही पत्रा ठोकला आणि दाराच्या फटी सिमेंटनं बुजवल्या. आता मुंगीलाही वाट नाही, असं त्यांनी समाधानानं सांगितलं, आणि जमिनीच्या वर तरी ते खरंच होतं.

मग मे महिना आला. खानदेशातला मे. जळगावचा पारा पंचेचाळीसपर्यंत जातो, आणि पत्र्याच्या पेटीत त्याहून किती तरी जास्त. कोंबडीला घाम येत नाही. चोच उघडी ठेवून धापा टाकणं, हाच तिचा मुख्य गारवा. आणि तिच्या अंगाची उष्णता मुळातच एक्केचाळीस अंशांच्या घरात. हवाच हलली नाही तर धापेचा उपयोग काय? घरची माणसं लग्नाला गेली होती. संध्याकाळी दार उघडलं तर निम्म्या कोंबड्या भिंतीला चोची लावून पडलेल्या. चोरानं महिनाभरात नेल्या नव्हत्या एवढ्या त्या एका दुपारी गेल्या.

सूनबाई काही बोलली नाही. जिभाऊ मात्र रागानं पेटले. राग स्वतःवर काढणं अवघड, म्हणून तो जंगलावर निघाला. कपाशीवर मारायचं औषध घरात होतंच. मटणाच्या तुकड्याला लावून बांधावर टाकायचं त्यांनी ठरवलं. मुंगूस, रानमांजर, घोरपड या सगळ्यांना १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, हे त्यांना ठाऊक होतं. पण त्या दिवशी त्यांना कायदा थांबवणार नव्हता. मायनं थांबवलं.

"इख खाईसन कुत्रं बी मरी, घार बी मरी, आनि उंदीर मारनारं मुंगूस बी मरी. मंग उंदीर कोण मारी, तू?"

मग ती चुलीजवळ गेली, घमेलंभर राख चाळली आणि खुराड्याभोवती हातभर रुंद पट्टा अंथरला. "पहिले पाय वळख," म्हणाली, "मंग जाळी ले."

मला या गोष्टीतला हाच भाग सगळ्यात मोलाचा वाटतो. त्या घरानं तोवर बराच पैसा आणि घाम खर्च केला होता, पण येणाऱ्याकडे एकदाही पाहिलं नव्हतं. आता रोज सकाळी आणि दुपारी माय, जिभाऊ आणि शाळेतली नात राखेजवळ उकिडवे बसू लागले. रात्रीचे पाय गोल होते, चार बोटांचे, नखाची खूण नसलेले. मांजराच्या जातीचं जनावर चालताना नखं आत ओढून घेतं. म्हणजे केळीतलं रानमांजर. दुपारचे पाय लहान, पुढे नखांचे बारीक टोचे असलेले. ते मुंगूस, आणि त्याचा डोळा अंड्यांवर. पिल्लांचा चोर तर बाहेरून येतच नव्हता. भिंतीच्या बुडाशी ताज्या मातीचा ढीग होता, घुशीचं बीळ थेट खुराड्याखाली निघालेलं. एक चोर म्हणून ज्याला शिव्या घातल्या ते तिघे होते, तिघांच्या वेळा वेगळ्या, वाटाही वेगळ्या.

त्यानंतरचं काम अवघड नव्हतं. पत्रे काढले. लोखंडी पाइपांवर दहा बाय सहाचा सांगाडा उभा केला, कारण बांबूचं बूड उधई वर्षभरात खाते. खालच्या तीन फुटांना अर्ध्या इंचाची वेल्डमेश, वर आणि डोक्यावर एक इंचाची. बाजारातली षट्कोनी कोंबडीजाळी कुत्रं दातानं फाडतं, ती घेतली नाही. निंबाची झुकलेली फांदी छाटली, सावली ठेवली. जाळी फूटभर चरात पुरून तिचं बूड बाहेरच्या बाजूला दोन फूट आडवं वळवलं, वर माती आणि दगड. उकरणारं जनावर भिंतीला नाक लावूनच उकरतं, मागे सरून लांबून सुरुवात करायचं त्याला सुचत नाही. आत खुराडं जमिनीपासून दीड फूट उंच, दोन्ही अंगांना हवा. पश्चिमेला ओली गोणपाटं. दाण्याच्या भांड्यावर मात्र पत्र्याचा एक तुकडा राहू दिला, वरून रानपाखरांची विष्ठा पडू नये म्हणून; २००६ मायच्या मनातून गेलेलं नव्हतं.

दाराला दोन कड्या, खाली दगडी उंबरा. अंडी दुपारच्या आत उचलायची, उरलेला दाणा संध्याकाळी काढून डब्यात भरायचा: दाण्यामागे उंदीर येतो आणि उंदरामागे नाग. दिवेलागणीला कोंबड्या मोजून कड्या लावायचं काम नातीकडे. कितीही भारी जाळी आणा, कड्या रोज कुणाला तरी हातानं लावाव्या लागतात, आणि ते पैशानं होत नाही.

रानमांजर त्यानंतरही आलं. राखेत पाय दिसायचे, जाळीला एक फेरी घालून परत केळीत. मुंगूस तर दिवसाढवळ्या बांधावरून जायचं, आणि घुशीच्या बिळात शिरताना जिभाऊंनी त्याला पाहिलं तेव्हा हातातला दगड त्यांनी खाली टाकला.

पावसाळ्यात नदीपलीकडचा एक शेतकरी जाळीचं माप विचारायला आला. त्याच्याही कोंबड्या जात होत्या, गळे फाडून तशाच टाकलेल्या सापडायच्या.

"तुम्हनाकडे कोण येस?" जिभाऊंनी विचारलं.

"कोनबी येवो, माले जाळीनं माप सांगा."

जिभाऊंनी मापाआधी त्याच्या हातात राखेची पिशवी दिली. तो जरा नाराज होऊनच गेला. चौथ्या दिवशी परत आला तो वेगळ्याच चेहऱ्यानं. राखेत उमटलेले पाय त्याच्या स्वतःच्या कुत्र्याचे होते. जाळी त्यानं घेतली नाही. चोपड्याच्या बाजारातून साखळी आणली.