अर्जुनसाल आणि तीस उंदीर

(बेसा, नागपूर. फार्माकॉलॉजीच्या निवृत्त प्राध्यापिका आणि एम. फार्म.ची विद्यार्थिनी.)

– मॅडम, नीती समितीचा अर्ज भरला. पाच गट, प्रत्येकात सहा विस्टार उंदीर. एक गट निरोगी, एकाला नुसता चरबीचा आहार, एकाला सोबत कोलेस्टेरॉल उतरवणारं अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन, उरलेल्या दोन गटांना अर्जुनसालीचा अर्क. शेवटी तीसही मारायचे. खरं सांगू, जीव होत नाही. पाठीवर पिक्रिक अ‍ॅसिडची पिवळी खूण केली की एकेक उंदीर वेगळा ओळखू येतो.

– अर्जात विचारलंय ना, हाच प्राणी का, इतकेच का, दुसरा मार्ग नाही का? काय लिहिलंस?

– जुन्या प्रबंधात होतं तेच.

– मग अर्ज भरला कुठे?

– पण लोक अर्जुनसाल उकळून पितातच. आपण तपासलं नाही, तर तीच चाचणी माणसांवर होते, कुठे नोंदसुद्धा न होता.

– हे मला मान्य आहे. पण गुग्गुळाचं बघ. सुश्रुतसंहितेतल्या मेदोरोगाचा धागा धरून जी. व्ही. सत्यवतींनी बनारसला सशांवर काम केलं, 1966 चा त्यांचा प्रबंध. सशांचं कोलेस्टेरॉल उतरलं. पुढे लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने त्यातून औषध घडवलं. इथल्या रुग्णांतही गुण दिसला. मग 2003 साली अमेरिकेतल्या चाचणीचा निकाल आला, 103 माणसं, आठ आठवडे. एलडीएल उतरलं नाहीच, उलट थोडं वाढलं.

– म्हणजे प्राण्यांवरून काहीच कळत नाही?

– प्राण्यागणिक वेगळं कळतं. उंदराचं बरंचसं कोलेस्टेरॉल एचडीएलमध्ये असतं, आपलं एलडीएलमध्ये. अकिरा एंडोंनी बुरशीतून पहिलं स्टॅटिन काढलं, ते उंदरांत चाललंच नाही. कोंबड्यांत चाललं. उंदरांचा निकाल अखेरचा मानला असता, तर तुझ्या तिसऱ्या गटाला द्यायला गोळी नसती.

– मग कोंबड्यांना दिलेला त्रास योग्य?

– मला तो समर्थनीय वाटतो. उत्तर काहीही आलं असतं, तरी एंडोंचं पुढचं पाऊल त्यावर ठरणार होतं. तुझ्या उंदरांत कोलेस्टेरॉल उतरलं नाही तर काय करशील?

– …मात्रा वाढवून बघेन.

– आणि उतरलं तर ‘उतरलं’ असं लिहिशील, जे आधीच कितीदा लिहून झालंय. याच्यासाठी तीस जीव मला जड वाटतात.

– आमच्या कॉलनीतले आजोबा अर्जुनसालीचा काढा घेतात, वर डॉक्टरांची कोलेस्टेरॉलची गोळीही. दोन्ही एकत्र घेतल्यावर काय होतं, हे विचारलं तर?

– हे विचार! अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन यकृतातल्या विकरांनी मोडतं. अर्क त्यांना अडवतो का, हे आधी परीक्षानळीत बघता येतं. तिथे काहीच दिसलं नाही, तर तेवढ्यासाठी उंदीर लागणार नाहीत.

– आणि दिसलं तर लागतील.

– लागतील. बारा, कदाचित अठरा.

– त्या अठरांना काय सांगायचं?

– त्यांना सांगण्यासारखं माझ्याकडे काही नाही. इतक्या वर्षांत सापडलं नाही.

– सबमिशन जवळ आलंय, मॅडम. गाइड विषय बदलू देणार नाहीत.

– मी बोलते त्यांच्याशी. तो अर्ज मात्र उद्या देऊ नकोस.