खाट कोणत्या कक्षात?

आजारी माणसाला खाट देण्यापूर्वी तो स्त्री की पुरुष, हे ठरलेच पाहिजे काय? हा प्रश्न आम्हांला ग्रंथांनी नव्हे, एका रुग्णालयाच्या ओसरीने विचारला. रुग्णाभ्यंगाचे तेल घेऊन आम्ही आत चाललो होतो. बाकावर तापाने फणफणलेली एक तृतीयपंथी व्यक्ती बसली होती. पुरुषांच्या कक्षाने तिला स्त्रियांकडे धाडले होते, स्त्रियांच्या कक्षाने परत पाठवले होते. आम्ही घड्याळ पाहिले आणि पुढे गेलो. परतताना बाक रिकामा होता. चांगल्या शोमरोन्याच्या दृष्टांतात जखमीला प्रथम टाळून जाणारा याजकच होता, हे आम्ही प्रवचनांत कितीदा तरी सांगितले आहे. त्या दिवशी ते आम्हांला उमगले.

१५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथी व्यक्तींची ओळख मान्य केली व त्यांना रुग्णालयांत योग्य उपचार मिळावेत, असा आदेश सरकारांना दिला. ६ सप्टेंबर २०१८ रोजी त्याच न्यायालयाने प्रौढांचे परस्परसंमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून काढले. २०१९ च्या कायद्याने तृतीयपंथीयांना आरोग्यसेवा नाकारण्यास मनाई केली. परंतु नजरेतील तिरस्कार कोणत्याही कायद्याने पुसता येत नाही. त्या तिरस्काराच्या धास्तीने माणूस दुखणे लपवतो आणि वैद्याकडे जातो तेव्हा फार उशीर झालेला असतो.

कोणी विचारील, अशा सेवेने आपण आचरणाला संमती देत नाही काय? विवाह व देह यांविषयीची ख्रिस्तसभेची शिकवण स्पष्ट आहे आणि आम्ही ती झाकत नाही. मात्र समलिंगी प्रवृत्तीच्या व्यक्तींचा आदराने, करुणेने व हळुवारपणे स्वीकार करावा, त्यांच्याशी अन्यायकारक भेदभाव करू नये, हीसुद्धा ख्रिस्तसभेचीच शिकवण आहे. १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथाचा २३५८ वा परिच्छेद पाहावा. वैद्य ताप उतरवतो तेव्हा तो रुग्णाच्या जीवनाचा निवाडा करीत नसतो. निवाडा परमेश्वराचा, आपल्या वाट्याला शुश्रूषा आली आहे.

आपल्या कितीतरी लेकी परिचारिका आहेत. आपल्याच एखाद्या घरात असे लेकरू मुकाट्याने वाढत असेल. शोमरोन्याने जखमीची जात विचारली नाही. आधी जखमा बांधल्या, मग सराईत नेऊन खर्चही सोसला. आम्ही त्या बाकावरील व्यक्तीचे नावही विचारले नाही. ही चूक आपल्या धर्मग्रामात पुन्हा कोणाकडून न घडो, एवढ्यासाठीच हा कबुलीजबाब.